घासाघीस

आधी नख फिरवा.
अडकलं, तर माझ्याच्यानं होणार नाही.
नाही अडकलं, तर बसा.
नुआकशोतच्या फोनबाजारात एवढंच माझं वैद्यक.

बाई बसल्या.
निळ्या मेल्हफाच्या पदराची गाठ सोडून
फोन ठेवला समोर, पालथा,
जसं दुखरं बोट दाखवताना आधी मूठच पुढे येते.

मी तो दिव्याखाली तिरका धरला.
समोरून पाहिलं तर ओरखडे लपतात,
तिरक्या उजेडात मात्र सगळं कबूल करतात.
कडेचे चार-दोन, किल्ल्यांचे.
मधला एक लांब, पडल्याचा.
आणि खाली डावीकडे, नाण्याएवढ्या जागेत,
केसांहून बारीक शेकडो रेघा,
एकमेकींवर, एकमेकींतून,
जणू तिथे मुंगी रोज उठून फिरायला जाते.

माझा पोऱ्या याया म्हणाला, टूथपेस्ट लावू का?
मी म्हटलं, दात घास आधी.

वाळू इथे कुणाला चुकलीय?
भातात असते, अंथरुणात असते,
नमाजाला टेकलेल्या कपाळावर असते.
आणि काच तरी कोण?
भट्टीतून निघून शिष्ट झालेली वाळूच.
बाहेरची वाळू येते, ओळख सांगते,
आणि बोचकारते.
भाऊबंदकी, दुसरं काय.

मग घासाघीस झाली.
मी म्हटलं दोनशे उगिया, त्या म्हणाल्या ऐंशी.
मी माझ्या पोरांची संख्या सांगितली, त्यांनी त्यांच्या.
त्यांची जास्त निघाली.
शंभर.

मग दुसरी घासाघीस, काचेची.
स्पीकरच्या छिद्रांवर चिकटपट्टी,
चिमूटभर गुलाबी पूड, तीन थेंब पाणी,
नमद्याचा तुकडा, आणि गोल गोल गोल.
घाई केली की काच तापते,
म्हणून मी मधे मधे चहा पितो
आणि लोकांना वाटतं मी आळशी.

एक सांगून ठेवतो, ते मी सगळ्यांनाच सांगतो
आणि कुणी ऐकत नाही:
ओरखडा काढता येत नाही.
तो आहे तिथेच राहतो.
आजूबाजूची धडधाकट काच
झिजवत झिजवत
त्याच्या पातळीला उतरवायची,
की तो दिसेनासा होतो.
वर जो तेलकट बोटं झटकणारा लेप असतो
तोही जातो या भानगडीत.
आता ठसे लवकर उठतील, मी म्हटलं.
उठू द्या, बाई म्हणाल्या.

चाळीस मिनिटांनी पुसला.
स्पर्श चालतोय का बघायला
माझा अंगठा गेला नेमका त्याच जागी,
खाली, डावीकडे,
आणि टपरीभर एक पुरुषी आवाज पसरला,
मागे वारा, कुठल्यातरी बंदराचा भोंगा:
"पोहोचलो. जेवलो.
शेळी व्याली का, ते कळव."

शेजारच्या चार्जरवाल्याने मान वर केली.
यायाने पहिल्यांदाच तोंड मिटलं.
संदेशाच्या वर तारीख होती.
मी चिकटपट्टी खरवडत बसलो,
ती निघाली होती तरी.

बाईंनी फोन घेतला.
तिरका धरला, माझ्यासारखाच.
बराच वेळ.
"ती त्यानंतर दोनदा व्याली,"
त्या म्हणाल्या, मला नाही,
शंभराची नोट टेबलावर सरळ करत.

मी पन्नास परत करायला गेलो.
"ठरलं ते ठरलं," म्हणून उठल्या.

गल्लीच्या तोंडाशी वारा होता, पिवळा.
त्यांनी पदर नाकावर ओढला,
फोन कानाजवळ नेला,
अंगठा पदराला पुसला, नीट,
दोन वेळा,
आणि मग ठेवला.

पदरातही वाळू असते.
मी ओरडून सांगणार होतो.
याया म्हणाला, येतील की परत.
मी त्याच्या डोक्यात टपली मारली
आणि पुढच्या माणसाला म्हटलं,
आधी नख फिरवा.