कात

डब्यावरची चिठ्ठी म्हणते : चिली रोझ.
दुकानातला कॉलिन म्हणाला, चिठ्ठीवर जाऊ नका,
गुलाबी म्हणून आलेले अर्धे करडेच निघतात,
पाठीवरची लव उन्हात धरून बघा.
हलमध्ये. फेब्रुवारीत. ऊन.

निहार अ‍ॅबर्डीनला गेला, हे मागे ठेवून :
आठ पाय, काचेचं घर, रातकिड्यांचा डबा.
फोनवर तो इंग्रजीत बोलतो, त्याला 'इट' पुरतं.
मी मराठीत विचारायला जातो
आणि क्रियापदाशी ठेचकाळतो.
जेवला? जेवली?
दोन महिने 'जेवलं'वर भागवलं,
बारसं न झालेल्या बाळासारखं.

काल रात्री ते उताणं पडलं. मेलं, वाटलं.
पहाटे बघतो तर दोन :
एक ओलं, दमलेलं,
दुसरं पोकळ.

पोकळ ते कोमट पाण्यात भिजवलं,
भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
सुईच्या टोकानं पोट उलगडलं बशीत,
पोस्टाच्या तिकिटांचं भिंग धरलं.
फुप्फुसांच्या वरच्या जोडीमध्ये, शिवणीलगत,
आईच्या चंचीला असायचा तसा
एक चोरखिसा.

निहारला कळवलं : बाई आहे.
त्यानं अंगठा पाठवला. मग थोड्या वेळानं :
बाबा, म्हणजे अजून वीस वर्षं.

मी एकसष्ट.
बेरीज केली नाही.
रातकिड्यांच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं,
कात टाकल्यावर सुळे मऊ असतात, आठवडाभर काही द्यायचं नाही.

जात अजून कळलेली नाही. राहू दे.
जाळीपाशी वाकलो :
पाणी तरी प्यायलीस का गं?