तळघरातली दावण

उलानबातरच्या जमीन-नोंदणी कार्यालयात
बाहेर उणे एकतीस,
आणि तळघरात नवं छपाईयंत्र,
बसलेल्या उंटिणीएवढं.
वरच्या चार मजल्यांवरचे त्रेचाळीस संगणक
आज रात्रीत त्याला जोडायचेत.

आईचा फोन आला. काय काम करतोस रे नेमकं?
म्हटलं, शिंगरं बांधतोय.
जमिनीलगत एक लांब दोर ताणायचा,
एकेकाला त्याला जखडायचं.
तिला पटलं. म्हणाली, गाठ अशी मार
की ओढली तर बसेल
आणि वेळ आली तर एका झटक्यात सुटेल.

एकेकाला पत्ता द्यायचा. आकडे, मध्ये टिंबं.
एकेकाच्या कानात तळघराचं नाव सांगायचं.
काही लगेच ऐकतात.
हिशेब विभागातला सात नंबर मात्र हट्टी,
तीनदा पुसलं तरी
खिडकीजवळच्या मेलेल्या प्रिंटरलाच
हाका मारत बसतो.

तिसऱ्या मजल्यावर दुलामसुरेनबाई थांबल्या होत्या.
त्यांच्या टेबलावरचा छोटा प्रिंटर मी उचलला
तेव्हा काही बोलल्या नाहीत.
त्याच्याखालचा विणलेला रुमाल काढून घेतला, घडी घातली.
मग म्हणाल्या,
ह्याच्या कागदाची ऊब फक्त माझी होती.
मी म्हटलं, टोनर वाचेल बाई.

काय बोलून गेलो.

मध्यरात्री चाचणी.
इथल्या कोरड्या हवेत कागद कागदाला सोडत नाही,
बोट लावावं तर ठिणगी चावते.
बाटझायाने घमेलंभर पाणी आणून ठेवलं,
पाइपवर ओला टॉवेल टाकला,
आणि खारट चहाचा थर्मास उघडून
पानं मोजायला बसला.
बेचाळीस.
त्रेचाळिसावं रेंगाळत आलं, दुलामसुरेनबाईंचं,
उभ्या लिपीतलं.
वरून खाली उतरणाऱ्या ओळी
सगळ्या कुशीवर पडलेल्या.

पहाटे तीनला चूक सापडली.
कुठल्याशा यादीच्या तळाशी एक रिकामी चौकट.
टिचकी मारली
आणि अक्षरं उठून उभी राहिली.
बाटझाया झोपला होता. कुणाला दाखवणार?

सकाळी तळघरात रांग.
अकरा वर्षं एका छपराखाली असलेली माणसं
एकमेकांना नावं विचारत होती.
तुम्ही कायदा विभागाच्या ना?
चेहरा नाही, आवाज ओळखीचा वाटतोय.
कुणाचा नकाशा कुणी नेला,
कुणाची पगारचिठ्ठी तिघांनी वाचली,
आणि दुपारपर्यंत यंत्राशेजारी
कुणीतरी बिस्किटांचा डबाही आणून ठेवला.

सहा वाजून गेले. दिवे मालवायला उतरलो
तर ट्रेमध्ये एकच पान.
उभी लिपी, चार ओळी.
मला ती अडखळतच वाचता येते.
पहिला शब्द लागला: मुला.
दुसरा लागायच्या आत
मी पान पालथं केलं.

अजून कोमट होतं.
टॉवेलचं पाणी टपकू नये म्हणून
त्यावर माझा एक हातमोजा ठेवला
आणि दुसरा हात खिशात घालून
बसथांब्यापर्यंत गेलो.

यंत्राला आता कार्ड लावायचंय,
ज्याचं त्याने समोर उभं राहिल्याशिवाय
पान बाहेर येणार नाही असं.
अर्ज केलाय. मंजुरीला महिना लागेल म्हणतात.

सकाळी ट्रे रिकामा होता.
हातमोजा बाजूला, यंत्राच्या पाठीवर,
विणलेल्या रुमालावर
नीट, बोटं सरळ करून ठेवलेला.