आडवी गाडी

विजापूर वेशीच्या आत, पानपट्टीला चिकटून
चन्नवीर उमदीकरांचं दुकान होतं.
पाटी अर्धी मराठी, अर्धी कानडी,
‘एजन्सी’मधला ए उन्हानं खाल्लेला,
म्हणून आख्खी पेठ म्हणायची
‘जन्सीत जाऊन येतो.’

आत गाड्या दोनच.
एक विकलेली,
एक विकायची नाही म्हणून ठेवलेली.
बाकी सगळा धंदा एका लाल वहीत.
नाव लिहायचं, पाचशे ठेवायचे,
आणि आठ महिने मिलच्या भोंग्यावर दिवस मोजायचे.
वहीतली पानं पुढं-मागं व्हायची म्हणतात,
कुणा साहेबाच्या मेहुण्यासाठी.
आमचं पान दोनदा मागं गेलं.

एक्याऐंशीच्या मार्चात पाळी आली.
बाप पन्नास किलोचा, मिलमधला जॉबर.
राजदूत सव्वाशेची.
उमदीकरांनी अंगणात गोणपाट अंथरलं,
कोरी गाडी त्यावर आडवी केली, आणि म्हणाले,
‘उचला की वो.
उचलली तर तुमची.
नाही उचलली तर पैसे घेऊन जावा.
रस्त्यात पडल्यावर मी येणार हाय व्हय?’

बापानं दोनदा ओढून बघितलं.
दुसऱ्यांदा बंडीचं बटण तुटून गटारात गेलं.
पानपट्टीवरची माणसं चुना मळायची थांबली.
तेव्हा दस्तगीर मेस्त्री पान्याची हातबोटं पुसत
नुसतं एवढंच बोलला:
‘तोंड फिरवा काका.
गाडीकडं पाठ करा.
हातानं उचलू नका, मांडीनं उचला.’

गाडी उठली.
चहा आला, उमदीकरांच्या खात्यावर.

मी हे पाहिलं बाहेरून, आईच्या कडेवरून.
दुकानात बाकडं एकच होतं, त्यावर गडीमाणसं.
आईला कुणी आत ये म्हटलं नाही,
आणि तीही गेली नाही.
कडुनिंबाची सावली सरकत गेली
तशी ती सरकत गेली.
हे मी खूप वर्षं सांगताना गाळत होतो.

परवा होटगी रस्त्यावर शोरूममध्ये गेलो.
बाहेर चव्वेचाळीस, आत माघातली थंडी.
टोकन नंबर सत्तावीस.
कीर्ती म्याकल नावाची मुलगी आली,
तिनं खुर्ची शलाकाला दिली,
पाणी शलाकाला दिलं,
मायलेज, सीटची उंची, हप्ता, सगळं
माझ्या पोरीच्या डोळ्यांत बघून सांगितलं.
मी पिशवी धरून बसलो.
बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

मग फुगे. केक.
पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली, तिच्यासोबत फोटो.
मी हळूच विचारलं,
‘गाडी एकदा आडवी करून दाखवता का?’
कीर्तीला वाटलं मी गंमत करतोय.
मॅनेजरला वाटलं नाही.
‘सर, ते पॉलिसीत नाही.’

घरी पोचायच्या आत मोबाईल वाजला:
आमची सेवा कशी वाटली?
दहापैकी दहा द्यावेत, ही विनंती.

रविवारी पहाटे होम मैदानावर गेलो.
गड्ड्याची जत्रा कधीच उठलेली,
पाळण्यांचे खड्डे अजून तसेच.
जुनी चादर नेली होती,
मयूराची, मधून विरलेली.
ती अंथरली, गाडी आडवी केली.
माझाच हात थरथरला,
अठरा हप्त्यांतला एकही अजून गेला नव्हता.

दस्तगीरचे शब्द दिले, जसेच्या तसे.
शलाकानं पाठ केली, बूड टेकवलं,
आणि गाडी उठली, पहिल्या झटक्यात.
मला जरा रागच आला.

मग तिनं ती पुन्हा निजवली,
हळू, पोराला टाकावं तशी चादरीवर,
आणि कठड्याकडं बघून हाक मारली,
‘आजी, ये बघू.’

आई त्र्याहत्तरची.
गुडघ्याला पट्टा.
मी नको नको म्हणेपर्यंत
तिनं निऱ्या खोचल्या,
चपला बाजूला काढून ठेवल्या
आणि मला विचारलं,
‘पाठ कुठं टेकायची म्हणाला होता तो?
मला बाहेर नीट ऐकू आलं नव्हतं.’