सुलट बाजू

खालच्या मजल्यावरच्या दारिओनं
पायपुसण्यावर टॅबलेट ठेवला, बेल दाबली,
आणि चार पायऱ्या उतरून लांब उभा राहिला.
तोंडावरच्या फडक्यातून ओरडला,
"सिन्योरा नेविया, त्रिकोण दाबा! फक्त त्रिकोण!"
मी फडक्याकडेच बघत होते.
डाव्या कानाची नाडी आखूड पडली होती त्याला.

त्रिएस्तेत कालपासून बोरा सुटलाय,
डोंगरावरून थेट समुद्रात उडी घेणारा वारा.
माझ्या लहानपणी अशा दिवशी
उताराच्या गल्ल्यांतून दोर बांधायचे,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
यंदा दोर नाही.
धरायला माणसंच नाहीत.

रात्री आठला नाट्यगृह जुना ऑपेरा दाखवणार होतं,
फुकट, घरबसल्या.
तीस वर्षांपूर्वीचा. माझ्या हाताखालून गेलेला.
मी केस विंचरले. काळे बूट घातले, टाचेचे.
हसू नका.
नाट्यगृहात कुणी सपाता घालून जातं का?

तिसरी घंटा झालीच नाही, नुसताच पडदा सरकला
आणि माझ्या तोंडून निघालं, अगं बाई,
म्हणजे हे सगळं असं दिसायचं!

एकतीस वर्षं कपडेपटात काढली.
एकही खेळ समोरून पाहिला नाही.
मला पाठ होत्या त्या पाठी.
राण्यांच्या पाठी, हुकांची रांग, ओघळलेली पावडर,
सरदाराच्या खांद्यामागचा मस,
काखेत काळवंडलेलं अस्तर.
गाणं यायचं भिंतीवरच्या कर्ण्यातून, खरखरत,
आणि मी ते तोंडात टाचण्या धरून ऐकायची.
कुणी मरतंय की कुणाचं लग्न लागतंय
हे पुढचा कपडा कुठला मागतात त्यावरून कळायचं.

आता तिसरा अंक. निळा झगा येईल.

पहिल्याच खेळाला तो विंगेतल्या खिळ्यात अडकून
खांद्यापासून वीतभर फाटला होता.
हातात सात मिनिटं. निळं रीळ संपलेलं.
हिरव्यानं शिवला.
ओंदिना म्हणाली, पाचव्या रांगेपलीकडे
देवसुद्धा बघत नाही.
देवाचं सोडा.
तो हिरवा टाका तीस वर्षं
मलाच टोचत होता, झोपेत कूस बदलली की.

आली. निळ्यात. वळली.
खांदा कॅमेऱ्याकडे आला
आणि चित्र थिजलं.
तोंड उघडं, हात वर, मध्ये एक चकती गरगरतेय.
माझा हात आपोआप पुढे झाला:
हुक अडकलं असणार.

मग दारिओनं दाखवलं होतं तसं
दोन बोटांनी काच ताणली.
खांदा जवळ आला, अजून जवळ,
आणि बघता बघता कापडच उरलं नाही.
नुसते चौकोन. निळे, त्याहून निळे,
कडेला एक जरासा हिरवट.
असेल.
नसेलही.
भिंग आणलं, तर चौकोन तेवढे मोठे झाले.

चकती थांबली. गाणं सुटलं.
आणि बोटं काढायचं राहून गेल्यामुळे
खांद्याच्या जागी तिचा चेहरा आला,
पडदाभर.

ती रडत होती.
खरीखुरी, नाक लाल करून,
आणि तान न तोडता बाहीला डोळे पुसत होती.

ती बाही रोज रात्री ओली यायची माझ्याकडे.
उजवी, मनगटापाशी.
मी म्हणायची, किती घाम बाई हिला,
आणि थंड पाण्यात मीठ उतरवून
वाळत घालायची.

टाळ्या झाल्या. तिकडच्या, तेव्हाच्या.
मी वाजवल्या नाहीत. शिवणाऱ्यांनी वाजवायच्या नसतात.
बूट मात्र उशिरापर्यंत पायातच होते.

सकाळी दारिओच्या पायपुसण्यावर
त्याच्या मापाचं फडकं ठेवून आले,
डावी नाडी बोटभर लांब.
दोरा हिरवा.
निळा होता घरात. भरपूर होता.