थकबाकी

मार्केट यार्डात रात्रीही हळद सोडत नाही,
कीबोर्डच्या फटीतून पिवळी धूळ निघते.
माळवदे सरांनी सत्त्याण्णव साली पर्लमध्ये लिहिलेला
अडतीचा हिशेब उघडून बसलेय.

वजन विचारायला एक मेथड, वजन ठेवायला एक.
ओलावा विचारायला एक, ठेवायला एक.
गाव, पोती, तोलाई, हमाली...
चाळीस रकाने, ऐंशी वेळा तोच मजकूर, नाव तेवढं वेगळं.
अडतिसाव्याशी सरांचा हात दमला असावा :
हमाली विचारली की ती तोलाई सांगते.
इतकी वर्षं सांगतेय.
ज्यांची हमाली, त्यांच्या हातात पावती जात नाही.

हरिपुरात आमचं पेव होतं.
अण्णा म्हणायचे, थेट उतरायचं नाही,
आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणूसही विझतो.
तोंडाशी उभं राहून मागायचं, आतला देईल तेवढं घ्यायचं.
ऑब्जेक्टच्या पोटातही असाच हात घालत नाहीत.

पहिल्यांदा आळस केला, ऑटोलोड बसवला.
नसलेल्या मेथडला हाक मारा, हाच धावतो,
पळता पळता ती घडवतो आणि ओ देतो.
आमच्या पेढीवरचा इराप्पा असाच, कुणालाही बोलवा, "आलो!"
'वजन'चं 'वजण' झालं, तरी ओ. रिकामी.
ऑब्जेक्ट मरताना जी शेवटची हाक जाते
तीही यानंच घेतली,
आणि त्या नावाचा रकाना शोधत बसला.

काढून टाकला.
चाळीस नावांची यादी केली, तिच्यावर लूप फिरवला.
स्ट्रिक्टला म्हटलं, दोन ओळी बाहेर थांब, चहा घे.
तेवढ्यात एकेका नावामागे
एकेक बिननावाची सबरुटीन उभी केली,
आपला रकाना पोटात धरून राहणारी.
सहा ओळी.
सरांची ऐंशी पुसताना मात्र
कुणाचं तरी अक्षर पुसतोय असं वाटलं.

तीन वाजता चालवून पाहिलं.
हमालीला हाक मारली,
पहिल्यांदा हमालीनंच ओ दिली.
आकडा तोलाईहून बराच मोठा.

सकाळी सात वाजता शिदगोंडा मुकादम टोळी घेऊन येईल,
दारात चप्पल काढून उभा राहील.

मी विचारलं : थकबाकी?
पर्ल म्हणालं, अशी मेथड सापडत नाही.

यादीत एक्केचाळिसावं नाव लिहिलं.
आता एवढंच लिहावं लागतं.