ठळक अक्षरात

शर्विलला पहिल्यांदा वाचता आला तो शब्द
ना आई होता, ना त्याचं स्वतःचं नाव.
स्टॉकपोर्टच्या सुपरमार्केटात, ट्रॉलीत बसून,
बिस्किटांच्या पुड्याची पाठ बोटाने चाचपत
तो म्हणाला, "मिल्क. जाड आहे, बघ."

इथे कायद्याने तो ठळक छापतात.
मी तरीही तीनदा वाचते,
दुकानात, घरी आल्यावर, पाकीट फोडताना पुन्हा.
गेल्या आठवड्यातलं निर्धोक सॉसेज
या आठवड्यात 'नवी, अधिक चविष्ट कृती' होऊन येतं.
दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे.
ताकाचा तर आम्ही विचारच सोडलाय.
आम्ही फुंकतो ते पाव, चिप्स, खोकल्याच्या गोळ्या,
आणि एकदा तर रंगीत खडूंचं खोकं.

मी दुधाच्या पेमेंटवर शिकले.
संगमनेरजवळच्या संकलन केंद्रावर, पहाटे पाचला
बाबा दुधात लॅक्टोमीटर सोडायचे.
फॅट, डिग्री, लिटर. वहीत तीन रकाने.
त्यांच्या शर्टाला आंबूस वास यायचा, रविवारीसुद्धा.
माझी कॉलेजची फी त्या वासातून आली,
इकडचं तिकीटही.

फोनवर सांगितलं तेव्हा ते गप्प झाले.
मग हळूच, "म्हशीचं चालेल?"
नाही, बाबा.
"शेळीचं?"
नाही.
"साजूक तूप तरी?"
आणि खूप वेळाने, "मग वाढणार कसा तो?"
जणू आमच्या गावात ऊनच पडत नाही
असं मी सांगितलं होतं.
(फारसं पडत नाही, तेही खरंच.)

चीडलच्या हॉलमध्ये मंडळाचा सत्यनारायण.
विजूकाकूंनी पळी पुढे केली,
"देवाचं आहे गं, थेंबाने काय होतंय?"
शर्विलने दोन्ही हात पाठीमागे नेले.
साखळी तुटलेल्या कुत्र्याकडे बघावं
तसा पंचामृताकडे बघत म्हणाला,
"थेंबाने माझा श्वास बंद होतो, काकू."
शुद्ध मराठीत.
माझ्या पर्समध्ये पिवळ्या टोपणाची दोन इंजेक्शनं,
मी वरूनच चाचपली.
पळीतलं पंचामृत परत वाटीत पडलं
त्याचा आवाज ऐकू आला सगळ्यांना.

मेमध्ये बाबा आले.
मँचेस्टरच्या विमानतळावर शर्विल धावत सुटला,
तर त्यांनी लांबूनच हात वर केला. थांब.
विमानात चहा झाला होता. दुधाचा.
स्वच्छतागृह शोधून ते कोपरापर्यंत हात धुऊन आले,
चूळ भरून, मिशी पुसून,
बाह्या ओल्या, पाणी निथळतंय.
मग खाली वाकून नातवालाच विचारलं,
"आता घेऊ?"

आता ते कोरा चहा पितात.
तोंड वाकडं करतात, पण पितात.
शेजारच्या मॉरीनच्या पायरीवर
दूधवाला अजून काचेच्या दोन बाटल्या ठेवून जातो.
बाबा पहाटेपासून जागे, खिडकीतून बघतात,
परक्या गावात जुना मित्र दिसावा तसे,
आणि ओळख देत नाहीत.

काल जेवताना शर्विलचा दात पडला.
"अरे वा, दुधाचा दात!" माझ्या तोंडून गेलं.
तो थिजला.
दात तळहातावर, आणि तो हात
अंगापासून जमेल तितका लांब.
"यात मिल्क आहे?"

मला शब्द सुचेना.
बाबांनी चष्मा चढवला,
दात चिमटीत धरून दिव्यासमोर नेला,
एक डोळा मिटला,
पहाटे पाचला मिटायचे तसा.

"फॅट शून्य," म्हणाले. "डिग्री शून्य."
टेबलावर, नसलेल्या वहीत, बोटाने काहीतरी लिहिलं.
"पास आहे. ठेव उशीखाली."