पिवळा म्हणजे पुन्हा बघा

"बंदूक नाही बाबा, मार्कर म्हणायचं,"
शाल्मलीने चांदणी चौकातच बजावलं,
हेल्मेटच्या आतून, वाऱ्यात, दोनदा.
बरं, मार्कर.
बजेट आठ हजार, तिच्या पहिल्या पगारातलं.
मी नुसता सोबतीला.

भूगावचं ते मैदान बंद होतंय.
तिथे बारा मजले येणार,
फलकावरची झाडं तर लावूनही झालीत.
इरफान तांबोळी पत्र्याच्या शेडमध्ये
ताडपत्रीवर सगळं मांडून बसलेला,
पितृपक्षात सोनार बसतो तसा.

"हा घ्या मॅडम. सेकंदाला दहा गोळ्या."
शाल्मलीची नजर तिथेच अडकली.
मी विचारलं, गोळी केवढ्याला?
"चार रुपये. पेटी घेतली तर साडेतीन."
म्हणजे सेकंदाला चाळीस रुपये.
हिशोब मी मनातच केला,
पण पोरगी माझीच,
तिने चापावरचं बोट काढून घेतलं.

मग तो पंपवाला.
दर गोळीला हाताने ओढायचा, मगच सुटणार.
काळा रंग उडालेला, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"हा गरिबाचा," इरफान बोलून गेला
आणि जीभ चावून म्हणाला,
"नेमबाजाचा म्हणायचं होतं."

साडेपाच हजार.
मी म्हटलं, साबणाचं पाणी आहे का?

भोसरीत एकतीस वर्षं मी व्हॉल्व्ह तपासले.
हवा भरायची, फेस लावायचा, बघत बसायचं.
चांगला व्हॉल्व्ह काहीच करत नाही.
वाईट व्हॉल्व्ह एक बुडबुडा काढतो,
एकच, सावकाश,
चुकलेल्या पोराने हळूच हात वर करावा तसा.

इरफानने कपात विम घोळवून आणलं.
सिलिंडर लावला.
तिघेही वाकलो.
नळीच्या मुळाशी,
आला.

"सातशे कमी करतो," इरफान म्हणाला.
नऊशे, मी म्हटलं.
आठशेवर थांबलो. त्याचंही घर आहे, कोंढव्याला, भाड्याचं,
हे त्याने सांगितलं नव्हतं, चहा पिताना निघालं.
रिंगेचं काय? ती बारा रुपयांची,
आणि तसल्या माझ्याकडे तंबाखूच्या डबीत पंचवीस-तीस आहेत,
निरोपाच्या दिवशी खिशात राहिलेल्या.
चोरी नाही. म्हणजे, थोडी.

उरलेल्या पैशात मास्क.
मास्क जुना नको, तिथे मी हटलो.
काचेला केसाएवढा तडा असला तरी
तो आपल्याला दिसत नाही, गोळीला दिसतो.
शाल्मलीने पहिल्यांदाच वाद घातला नाही.
आणि गॅस? इरफान हसला,
"भोसरीतच भरून मिळतो साहेब,
आग विझवायच्या नळकांड्यांच्या दुकानात."
एकतीस वर्षं त्या दुकानावरून गेलो.

रविवारी गच्चीवर तिने फ्रिजचा खोका उभा केला.
टाकीशेजारच्या देवधरबाईंना सांगून, वाळवण काढायला लावून.
ओढला. थांबली. श्वास सोडला.
बाजूला.
ओढला. थांबली.
खोक्याच्या कोपऱ्याला चाटून
गोळी कठड्यावर फुटली
आणि माझ्या बाहीवर एक ठिपका उडाला,
पिवळा.

आमच्याकडे लाल म्हणजे भंगार,
हिरवा म्हणजे पुढे पाठवा,
पिवळा म्हणजे पुन्हा बघा.
ब्रश माझ्या हातात असायचा. सगळी लाइन माझ्या हाताकडे बघायची.
एकदा एका पोराच्या, महिनाही न झालेल्या पोराच्या
सबंध ट्रेवर मी लाल ओढला होता
आणि संध्याकाळी कळलं, गेज चुकीचं होतं.
माझं गेज.
त्याचं आडनाव गुंजाळ. पुढचं आठवत नाही.

"सॉरी सॉरी, बाबा, पाण्याने जातो,"
शाल्मली मास्क वर करून धावत आली.

आमचा जात नसे.
मी बाही दुमडली, धुवायला टाकली नाही,
आणि म्हटलं, उजवा खांदा उचलतेस तू,
पुन्हा.